होकार एकदाच

१४ डिसेंबर २०२३. युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायच्या की नाही, यावर युरोपीय महासंघाच्या सत्तावीस देशांचे प्रमुख ब्रसेल्समध्ये बसले होते. सव्वीस तयार, हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान अडून बसलेले. चर्चा पुढे सरकेना, तेव्हा जर्मनीचे चान्सलर ओलाफ शोल्त्स यांनी सुचवलं की ओर्बान यांनी जरा बाहेर जाऊन कॉफी घ्यावी. ओर्बान उठले आणि गेले. मागे राहिलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेऊन टाकला. ओर्बान यांनी लगेच तो निर्णय चुकीचा असल्याचं जाहीर केलं, पण तो मोडला नाही. युक्रेनला द्यायच्या ५० अब्ज युरोंना मात्र त्यांनी त्याच रात्री नकार दिला, आणि ते पैसे मंजूर व्हायला १ फेब्रुवारी २०२४ उजाडला.

हा किस्सा सांगणारे त्यातून दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. पहिला असा, की महासंघाला परराष्ट्र धोरण असं काही नाहीच, सत्तावीस तोंडं सत्तावीस दिशांना. दुसरा असा, की एकमताची अट हाच सगळा रोग आहे, ती काढा आणि बहुमताने निर्णय घ्या, की सुंठीवाचून खोकला जाईल. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. एकमताचं काम काय आणि ते नेमकं कुठे सडतं, हे वेगवेगळं पाहिलं तर दुरुस्तीची जागा फार छोटी निघते. माझं म्हणणं एवढंच: एखादं धोरण सुरू करताना सगळ्यांचा होकार घ्यावा, तोच होकार दर सहा महिन्यांनी नव्याने मागायची पद्धत मात्र मोडावी.

पण आधी हे धोरण शिजतं कुठे ते पाहायला हवं. अभ्यासक सहसा करारांपासून सुरुवात करतात. १९९२ साली सही झालेला मास्ट्रिक्टचा करार, त्यातून आलेलं सामाईक परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण, पुढे अ‍ॅमस्टरडॅम, मग १ डिसेंबर २००९ पासून लिस्बन, उच्च प्रतिनिधीचं (म्हणजे महासंघाच्या परराष्ट्रमंत्र्यासारखं) वाढलेलं पद, त्याच्या हाताखालची राजनैतिक सेवा. हे वाचायलाच हवं. मात्र करार आले तेव्हा काम सुरू होऊन वीस वर्षं उलटली होती. १९७० मध्ये बेल्जियमचे राजनैतिक अधिकारी एतियेन दाविन्यों यांच्या समितीने एक अहवाल दिला आणि त्याच्या आधारे परराष्ट्रमंत्री ठरावीक काळाने भेटू लागले. ना स्वतंत्र करार, ना सचिवालय, ना मतदान. १९७३ पासून राजधान्यांना जोडणारी टेलेक्सची यंत्रणा आली आणि मग आधी एकमेकांना कळवायचं, नंतर बोलायचं, ही सवय लागली.

त्या काळातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. १९७३ साली एका दिवशी तेव्हाच्या नऊ सदस्य देशांचे परराष्ट्रमंत्री सकाळी कोपनहेगनमध्ये राजनैतिक विषयांवर भेटले, आणि दुपारी तेच नऊ जण विमानाने ब्रसेल्सला जाऊन मंत्री परिषद म्हणून बसले. माणसं तीच, बरेचसे विषयही एकमेकांत गुंतलेले. पण आर्थिक समुदायाचं (महासंघाचं तेव्हाचं रूप) काम आणि परराष्ट्र राजकारण यांची भेसळ होता कामा नये, असा फ्रान्सचा हट्ट होता. हसू येतं खरं, पण आजही ती भिंत पुरती पडलेली नाही. व्यापार हा विषय युरोपीय आयोगाच्या, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी यंत्रणेच्या, हातात आहे, तिथे बहुमत चालतं आणि महासंघ खरोखर एक म्हणून बोलतो. कोणाशी मैत्री आणि कोणाशी वैर, हा विषय मात्र राज्यांनी आपल्या हातात ठेवला आहे आणि तिथे एकमत लागतं. निर्बंध लादताना ही फट उघड दिसते: आधी परराष्ट्र धोरणाचा निर्णय एकमताने, मग त्याची आर्थिक अंमलबजावणी करणारा नियम बहुमताने. कोपनहेगनची सकाळ आणि ब्रसेल्सची दुपार आता एकाच फायलीत असते, इतकंच.

रोजचं धोरण मंत्र्यांपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी कार्यगटांत घडतं. पूर्व युरोपसाठी एक गट, पश्चिम आशियासाठी दुसरा, निर्बंधांच्या तपशिलांसाठी तिसरा. त्यांच्यावर राजदूतांची राजकीय आणि सुरक्षा समिती, त्यावर स्थायी प्रतिनिधींची समिती, आणि मग परराष्ट्रमंत्र्यांची परिषद. खाली मसुदा फिरतो तेव्हा भांडण धोरणावर कमी आणि शब्दांवर जास्त होतं. ‘चिंता’ की ‘तीव्र चिंता’? ‘निषेध’ की ‘कठोर निषेध’? बाहेरच्याला हे शब्दांचं चऱ्हाट वाटतं. पण गेल्या महिन्यात ‘तीव्र चिंता’ होती आणि आज नुसती ‘चिंता’ आहे, याचा अर्थ कोणीतरी कुठेतरी माघार घेतली आहे. ज्या राजधानीविषयी लिहिलंय तिथला अधिकारी ते बरोबर हेरतो.

पुष्कळ मजकूर मौनावर मंजूर होतो. मसुदा सगळ्यांना पाठवायचा, मुदत द्यायची, तोवर कोणी हरकत घेतली नाही तर तो संमत. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे तिथे कार्यपद्धतीचं कलमच म्हणा ना. हरकत घेतली की ‘मौन तोडलं’ असं म्हणतात, आणि ते कोणी तोडलं हे बाहेर सांगत नाहीत, तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या ब्रसेल्सला ठाऊक असतं.

मग मजकुराच्या मथळ्याकडे पाहावं. ‘महासंघाच्या वतीने उच्च प्रतिनिधींची घोषणा’ असं वर लिहिलेलं असेल तर त्यामागे सत्तावीस होकार आहेत. नुसतं ‘उच्च प्रतिनिधींचं निवेदन’ असेल तर ते त्यांच्या पदाच्या अधिकारात काढलेलं, त्याला सगळ्यांची संमती लागत नाही. प्रवक्त्याचं निवेदन त्याहून हलकं. हाँगकाँगवर २०२१ मध्ये हंगेरीने सामाईक मजकूर अडवला. अशा वेळी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर यावं लागतं. विषय तोच, शब्दही पुष्कळदा तेच, पण मथळा बदललेला. बातमीत तिन्हींचं ‘युरोपने म्हटलं’ होतं आणि वाचकाला पत्ताही लागत नाही. ६ मार्च २०२५ रोजी तर चौथीच पायरी निघाली: युक्रेनविषयीचा मजकूर शिखर परिषदेच्या निष्कर्षांपासून वेगळा काढला आणि त्याला २७ पैकी २६ नेत्यांचा ठाम पाठिंबा असल्याचं लिहून तो छापला.

(महासंघाच्या वतीने बोलतं कोण, यावर मात्र गरजेपेक्षा जास्त शाई खर्च झाली आहे. ६ एप्रिल २०२१ ला अंकारात तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्या शेजारी एकच खुर्ची होती. तिच्यावर युरोपीय परिषदेचे (सदस्य देशांच्या प्रमुखांच्या मंडळाचे) अध्यक्ष शार्ल मिशेल बसले आणि आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांना बाजूच्या सोफ्यावर बसावं लागलं. त्या सोफ्यावर किती लेख आले! अपमान होताच, पण तुर्कस्तानविषयीचं धोरण त्या दिवशी खुर्चीमुळे तसूभरही इकडेतिकडे झालं नाही.)

कार्यगटांतल्या या सवयीची कमाल पाहायची तर कोसोवोचं उदाहरण घ्यावं. १७ फेब्रुवारी २००८ ला कोसोवोने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. महासंघातले पाच देश, स्पेन, ग्रीस, सायप्रस, रुमानिया आणि स्लोव्हाकिया, त्याला मान्यता देत नाहीत. म्हणजे सामाईक धोरण अशक्य, असं वाटेल. प्रत्यक्षात स्वातंत्र्याच्या घोषणेआधी तेरा दिवस महासंघाने तिथे कायदा-सुव्यवस्थेसाठी मोठी मोहीम मंजूर करून ठेवली होती. सायप्रसने विरोध केला नाही, रचनात्मक अलिप्ततेची मुभा वापरली: आम्ही यात नाही, पण तुम्हाला अडवतही नाही. पुढे कागदपत्रांत नावाचं काय करायचं हा प्रश्न आला, तेव्हा नावापुढे एक तारकाचिन्ह लागलं. खाली तळटीप, की या नावाने दर्जाविषयीच्या भूमिकांना बाध येत नाही, आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १२४४ क्रमांकाच्या ठरावाशी व आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या मताशी सुसंगत आहे. ठराव सर्बियाच्या बाजूला दिलासा देणारा, न्यायालयाचं मत कोसोवोच्या. एका तळटिपेत दोघांचीही सोय. २०१५ मध्ये कोसोवोशी सहयोग करार झाला तोही फक्त महासंघाच्या नावाने, म्हणजे त्या पाच देशांच्या संसदांकडे मान्यतेला जायची वेळच आली नाही.

तारकाचिन्हाने देश उभा राहत नाही, हे मान्य. पण पाच देशांची मूळ भूमिका न मोडता काम पुढे गेलं, ते एकमताच्या अटीमुळेच. प्रत्येकाला सोबत घ्यायचं आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे अधिकाऱ्यांनी वाटा शोधल्या. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनला शस्त्रांसाठी पैसा द्यायचं ठरलं तेव्हाही असंच झालं. महासंघाच्या अंदाजपत्रकातून लष्करी खर्च करायला करारात मनाई आहे, म्हणून अंदाजपत्रकाबाहेरचा एक निधी वापरला. (त्याचं नाव ‘शांतता सुविधा’. नावं देणाऱ्यांना विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणेल?) आयर्लंड, ऑस्ट्रिया आणि माल्टा प्राणघातक शस्त्रांच्या बाबतीत अलिप्त राहिले, त्यांच्या वाट्याचा पैसा बिगर-शस्त्र मदतीकडे वळला.

आता बहुमतवाल्यांकडे वळतो. मे २०२३ मध्ये जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन यांच्यासह नऊ देशांनी परराष्ट्र धोरणात बहुमताचा वापर वाढवण्यासाठी एक गट केला. त्यांचा मुद्दा पोकळ नाही. ग्रीसच्या पिरेअस बंदराच्या प्राधिकरणातला ५१ टक्के वाटा २०१६ मध्ये चिनी सरकारी कंपनीने घेतला, आणि जून २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत चीनविषयीचं महासंघाचं निवेदन ग्रीसने अडवलं. पहिल्यामुळे दुसरं घडलं हे सिद्ध करता येत नाही, पण संशय कोणी कसा काढून टाकणार? बाहेरच्या सत्तेला सत्तावीस देश वळवायची गरज उरत नाही, एक पुरतो.

तरीही बहुमताने घेतलेला निर्णय पाळला जाईलच, हे गृहीतक तपासून पाहायला हवं, आणि त्याची परीक्षा होऊन गेली आहे. २२ सप्टेंबर २०१५ रोजी इटली आणि ग्रीसमधल्या १ लाख २० हजार निर्वासितांचं सदस्य देशांत वाटप करायचा निर्णय बहुमताने झाला. चेकिया, हंगेरी, रुमानिया आणि स्लोव्हाकिया विरोधात गेले. हंगेरी आणि स्लोव्हाकिया महासंघाच्या न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये हरले. २०२० मध्ये न्यायालयाने पोलंड, हंगेरी आणि चेकियाने कायदा मोडल्याचंही सांगितलं. निकाल स्पष्ट, कायदा स्पष्ट. आणि हंगेरी व पोलंडने या वाटपातली किती माणसं घेतली? एकही नाही. हा विषय परराष्ट्र धोरणाचा नव्हता, पण धडा तिथेच जास्त लागू पडतो. निर्बंध ब्रसेल्समध्ये लिहिले जातात, पण बंदरावर कंटेनर उघडणारा सीमाशुल्क अधिकारी राष्ट्रीय असतो. खाती गोठवणाऱ्या बँकेवर नजर राष्ट्रीय यंत्रणेची, खटला भरणारा वकील राष्ट्रीय. ज्या सरकारला मतदानात पाडलंय, ते आपल्या बंदरावर डोळ्यांत तेल घालून बसेल? डोळेझाक करायला तर मतही लागत नाही.

शिवाय छोट्यांची भीती खरी आहे. पात्र बहुमत म्हणजे ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या. १९७४ पासून ज्याच्या उत्तर भागात तुर्की सैन्य आहे, त्या सायप्रसने तुर्कस्तानविषयीचं धोरण या हिशेबावर सोडून द्यावं, असं त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? गंमत म्हणजे बहुमताकडे जायचा दरवाजा करारात आधीच आहे. फक्त तो उघडायला युरोपीय परिषदेचं एकमत लागतं. म्हणून हा वाद भिजत घोंगड्यासारखा पडून राहतो आणि दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी ते पुन्हा पिळतं.

तेव्हा पहिल्या होकाराला हात लावू नये. सडका भाग पुढे आहे.

रशियावरचे आर्थिक निर्बंध ३१ जुलै २०१४ रोजी आले, मलेशियन विमान पाडलं गेल्यानंतर दोन आठवड्यांनी. सुरुवातीची मुदत एक वर्षाची होती, पुढे ती सहा-सहा महिन्यांनी वाढत गेली: ३१ जानेवारी आणि ३१ जुलै. व्यक्ती आणि संस्थांच्या यादीची तारीख वेगळी: १५ मार्च आणि १५ सप्टेंबर. म्हणजे वर्षातून चार वेळा सत्तावीस होकार नव्याने गोळा करायचे, तेही नवं काही करण्यासाठी नव्हे, आहे ते टिकवण्यासाठी. हे चार दिवस अडवणुकीचे बाजारदिवस झाले. जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपायला चार दिवस उरेपर्यंत हंगेरीने होकार रोखून धरला आणि ऊर्जा सुरक्षेविषयी एक निवेदन पदरात पाडून घेतलं. मार्च २०२५ मध्ये यादीला मुदतवाढ मिळाली, पण मृतांखेरीज आणखी चार जिवंत माणसांची नावं वगळल्यानंतर.

याची तुलना पहिल्या होकाराच्या सौद्याशी करा. जून २०२२ मध्ये निर्बंधांच्या सहाव्या टप्प्यात रशियन तेलावर बंदी आली तेव्हा हंगेरीसाठी पाइपलाइनचं तेल वगळावं लागलं, आणि तिच्याच आग्रहाखातर रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरिल यांचं नाव यादीतून गेलं. दुसरी गोष्ट मला पटली नाही. पहिली पटली, समुद्रकिनारा नसलेल्या देशाची ती खरी अडचण होती. पण दोन्ही सौदे निदान एकदा झाले, त्यांची किंमत कळली आणि काम पुढे सरकलं. मुदतवाढीच्या सौद्याला अंतच नाही. आज दिलेली किंमत सहा महिन्यांत विसरली जाते आणि नवा दर निघतो. मॉस्कोलाही त्यातून एकच गोष्ट कळते, की थोडी कळ काढली तर पुढच्या तारखेला कदाचित काहीतरी सुटेल. निर्बंधांचा जोर ते किती काळ टिकतील या अंदाजावर असतो, आणि हा अंदाज महासंघ स्वतःच दर सहा महिन्यांनी पोखरतो.

यावर एक आक्षेप मी हलका मानत नाही. मुदत होती म्हणूनच २०१४ मध्ये कुरकुरणारे देश तयार झाले. बेमुदत निर्बंध म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी माशी शिंकली असती. शक्य आहे. कदाचित पहिलं पॅकेज पातळ निघालं असतं. ती किंमत मी मोजेन. पातळ पण पक्कं पॅकेज जाड पण डळमळीत पॅकेजपेक्षा जास्त काम करतं, असं माझं मत आहे. मात्र निर्बंध उठवायलाही एकमत लागेल अशी उलटी अट घालू नये. मग एकच देश ते कायमचे लादून ठेवेल. सुरू करायला एकमत, मुदतवाढ आणि माघार दोन्हींसाठी पात्र बहुमत. व्यक्तींच्या यादीचा अधूनमधून फेरविचार व्हायलाच हवा, कारण तिथे माणसाच्या हक्कांचा प्रश्न आहे. पण तो पुराव्यावर व्हावा. महासंघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून अनेकांचं नाव यादीत ठेवणं रद्द ठरवलं आहे. नाव काढायची ती रीत आहे. पंतप्रधानाच्या हट्टापायी नाव काढणं ही रीत नव्हे.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर १२ डिसेंबर २०२५ कडे पाहा. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे २१० अब्ज युरोंची मालमत्ता महासंघात अडकलेली आहे, त्यातली बहुतेक बेल्जियममधल्या युरोक्लिअर या संस्थेकडे. तीही सहामाही फेऱ्यात होती. एखाद्या ३१ तारखेला एका देशाने नाही म्हटलं असतं तर सगळी रक्कम मोकळी झाली असती. त्या दिवशी मंत्री परिषदेने ती मालमत्ता या फेऱ्यातून बाहेर काढली. परराष्ट्र धोरणाचं कलम न वापरता आर्थिक आणीबाणीसाठीचं १२२ वं कलम वापरलं, जिथे पात्र बहुमत चालतं. हंगेरी आणि स्लोव्हाकिया विरोधात गेले, पंचवीस बाजूने. २०२२ च्या गॅसटंचाईत ज्या कलमावर ऊर्जेचे तातडीचे उपाय बेतले, त्याच कलमाने परकी मध्यवर्ती बँकेचा पैसा धरून ठेवायचा, यात ओढाताण आहेच. हंगेरीने कायदा मोडल्याची ओरड केली, आणि कलमाचा मूळ हेतू पाहता ती अगदीच बिनबुडाची नव्हती. समोरचा दरवाजा अडला म्हणून खिडकीतून घरात शिरण्यासारखं हे होतं. सरळ मार्गाने व्हायला हवी होती ती सुधारणा आडवाटेने झाली, आणि तीही एकाच बाबीपुरती.

या विषयात पडणाऱ्या विद्यार्थ्याने शिखर परिषदेच्या फोटोंआधी २०१४ च्या त्या निर्णयाचा मजकूर काढावा. निर्णय क्रमांक २०१४/५१२. त्यात एक छोटं वाक्य आहे: हा निर्णय अमुक तारखेपर्यंत लागू राहील. पहिल्या छापील प्रतीत तिथे ३१ जुलै २०१५ आहे. त्यानंतर दरवेळी जो दुरुस्तीचा कागद निघतो, तो सगळ्या राजधान्यांतून फिरून येतो, आणि त्या वाक्यातली तारीख तेवढी बदलतो.